चार बोटे खाली

॥ श्री राजुरेश्वर प्रसन्न ॥

मुक्काम भोकरदन, चैत्र वद्य तृतीया, शके १८७९

तीर्थस्वरूप आक्का हिचे चरणी धाकटा भाऊ सांडू लिंबाजी सुतार याचा साष्टांग नमस्कार. इकडे मी, मच्छिंद्र व सूनबाई खुशाल आहोत. म्हणजे मला खोकला आहे आणि उजव्या डोळ्यापुढे एक माशी सारखी फिरते, जी हाताने हाकलता येत नाही, पण या वयात याला खुशालच म्हणायचे. तुझी तब्येत कशी आहे? दम लागतो का? गुडघा काय म्हणतो? आडाचे पाणी तळाला गेले असेल, तर तू स्वतः शेंदायला जात नाहीस ना? आणि गेल्या महिन्यात पाठवलेली विळी बरी चालते ना? ती चिंच लावून फार घासू नकोस. पाटाखाली जो तिचा भाग ठोकलेला आहे तो ढिला झाला तरी दगडाने ठोकू नकोस. मुद्दाम काही नाही, आपले सहज लिहिले.

हे पत्र तुला तुझी सून चि. सौ. उषाबाई वाचून दाखवील. तिला माझे आशीर्वाद. (उषाबाई, तू चौथी पास आहेस म्हणून तुला एक विनंती करतो. या पत्रात जे कंसात लिहिले आहे ते मोठ्याने वाचू नकोस. मनात वाच आणि पुढे जा. मध्येच का थांबलीस असे आक्काने विचारले, तर मामांचे अक्षर लागत नाही असे सांग. ते खोटेही होणार नाही.)

रामनवमीला तू पहाटेपासून गाठोडे बांधून ओट्यावर बसली होतीस आणि दुपार टळेपर्यंत उठली नाहीस, असे शनिवारच्या बाजाराला आलेल्या तुमच्या गावच्या माणसाने मला सांगितले. ते ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. मोटार येणार, मोटारीत बसून तू अकरा वर्षांनी भोकरदनला येणार, वाटेत राजूरला गणपतीचे दर्शन घेणार, असे मीच कळवले होते. मोटार आली नाही. का आली नाही ते सांगण्यासाठी हे पत्र. कारण थोडक्यात सांगता आले असते, पण थोडक्यात सांगितले की सगळा दोष माझ्याकडे येतो. म्हणून सविस्तर लिहितो.

बजरंगलाल शेठ, ज्यांच्याकडे आपला मच्छिंद्र मोटार चालवायला आहे, त्यांनी दिवाळीत मुंबईहून जर्मनीची एक मोटार आणली. लहानशी आहे, पाठीवरून थेट कासव. शेठसारख्या आडतदाराने एवढी बुटकी मोटार का घेतली असे सगळ्या बाजाराने विचारले. तर कारण असे की ही मोटार पाणी पीत नाही. बाकीच्या मोटारींचे इंजन पाण्याने थंड होते, हिचे वाऱ्याने होते. आपल्याकडे चैत्रात माणसाला पाणी मिळत नाही तिथे मोटारीला कुठून घालणार, हा शेठचा हिशेब. तो मला पटला. पण या मोटारीचे इंजन असते मागे. पुढचे झाकण उघडले तर पेट्रोलची टाकी आणि मोकळी जागा, ट्रंका ठेवायला. नव्या मोटारीची पूजा झाली तेव्हा भटजींनी पुढच्या झाकणावर स्वस्तिक काढले, नारळ फोडला, आणि मग मच्छिंद्राने सांगितले की यंत्र तर मागे आहे. पुन्हा मागे जाऊन दुसरा नारळ फोडावा लागला. त्याच वेळी माझ्या मनात पाल चुकचुकली. इंजन मागे, माणसे मागे, आणि पुढे काय, तर मोकळी पेटी. आक्का, तू सुताराची लेक आहेस, तुला पुढचे सांगायला नको.

उषाबाईला कळावे म्हणून लिहितो. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की धुरा वर उठतो. जू बैलांच्या मानेवरून सुटून वर जाते, जोत गळ्याला आवळते, आणि बैल टांगल्यासारखे होतात. याला आम्ही गाडी उलाळ झाली असे म्हणतो. सपाट रस्त्यावर कळत नाही. चढण लागली की कळते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. गाडी उलाळ होणार की नाही हे आस, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, कुठे बसवला यावर ठरते. आस बोटभर पुढे गेला तर गाडी उलाळ, मागे गेला तर बैलांच्या मानेवर भार. ते बोटभर अंतर म्हणजेच आमचा सगळा धंदा. (उषाबाई, मी पन्नास वर्षे गाड्या केल्या आणि पहिली सोडली तर प्रत्येक गाडीचा आस जिथे बसवायला पाहिजे त्याच्या दोन बोटे मागे बसवला. गिऱ्हाईक म्हणायचे, पुढे जड वाटते. मी म्हणायचो, वाटू द्या. का, ते पुढे लिहितो. अजून हात वळत नाही.)

तर एक दिवस शेठ, शेठाणी आणि शेठची आई बसंतीबाई असे तिघे मागे बसले. शेठाणी अंगाने भरलेल्या आहेत, शेठही कमी नाहीत. ते बसल्याबरोबर मोटारीने नाक वर केले. मी आडतीसमोरच्या लिंबाखाली उभा राहून ते पाहिले. संध्याकाळी दिवे लावले तर उजेड रस्त्यावर पडायचा सोडून लिंबाच्या शेंड्यावर, आणि तिथले बगळे उठले. मी मच्छिंद्राला बाजूला घेऊन सांगितले की ही मोटार उलाळ आहे, एखाद्या चढणीला घात करील. तो हसला. म्हणाला, "बाबा, ही मोटार हाय, दमनी न्हाई. हिला बैल कुठं हायेत टांगायला?" मी म्हणालो, बैल नाहीत, पण तू आहेस. मग मी विचारले की हातातले चाक हलके लागते का. तो म्हणाला, मागे माणसे असली की जरा तरंगल्यासारखे होते. बघ आक्का. तरंगल्यासारखे.

यानंतर मी जे केले ते कोणाला न सांगता केले, हे माझे चुकले. घरात मोडक्या जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, पडून होती, ती गोणपाटात गुंडाळून मोटारीच्या पुढच्या पेटीत ठेवून दिली. तीन आठवडे मोटार छान चालली, मच्छिंद्र स्वतः म्हणाला की चाक आता जागेवर आले. मी मनात खूश. मग शेठाणींनी जालन्याला लग्नाचे पापड न्यायचे म्हणून झाकण उघडले. पापडाच्या डब्याला जागा करायला मच्छिंद्राने गोणपाट ओढले ते त्याच्या पायावर आले. पाय वाचला, नख गेले. शेठने विचारले की मोटारीत दळण दळत चालला होतास काय. सगळी आडत हसली. मच्छिंद्राने माझे नाव सांगितले नाही. पण बाजारात जात्याची तळी कोणाची हे ओळखायला फार वेळ लागत नाही, कारण तिच्या मधला खुंटा मीच बसवलेला होता आणि सुनेने तिच्यावर हळदीची बोटे ओढलेली होती.

मला वाटले आता शेठ मला आडतीची पायरी चढू देणार नाहीत. पण झाले उलटे. बसंतीबाईंनी मला बोलावून घेतले. म्हातारी ऐंशीच्या पुढची आहे, काठीसारखी वाळलेली, पण शेठ तिच्यापुढे मान वर करत नाहीत. त्या म्हणाल्या, "सांडूभाऊ, चार महिने झाले, मी नुसते झाडांचे शेंडे बघून राह्यले. रस्ता कुठं असतो तेवढा दाखवा." सगळ्या गावात मोटारीचे दुखणे त्यांना आणि मलाच कळले होते. दगड ठेवल्यावर रस्ता दिसत होता, दगड काढला की पुन्हा आभाळ. मग त्यांनीच शेठला सांगितले की सुतारबाबा म्हणतात तसे मोटारीचे नाक चार बोटे खाली करून घ्या. शेठ आईला नाही म्हणू शकत नाहीत. मला मात्र शेठनी दारापर्यंत सोडायला येऊन बजावले, "बाबा, चार बोटं म्हणजे चार बोटं. पंजा न्हाई."

आता हे काम करणार कोण, तर ख्वाजामियाँ. त्यांचे बसथांब्यामागे दुकान आहे, विहिरीवरची इंजने दुरुस्त करतात. फार नेक माणूस. ते आधीच म्हणाले, "चचा, मेरेको विहिरीच्या इंजनाचं मालूम है, इस कछुए का नई." मी त्यांना धीर दिला की तुम्ही लोखंड बघा, तोल मी बघतो. त्यांना वाटले मला माहीत आहे आणि मला वाटले त्यांना माहीत आहे, आणि एवढ्या विश्वासावर आम्ही मोटारीची पुढची चाके उचलून माझ्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवली. खाली सरपटून पाहिले तर ट्रकला असतात तशा कमानी नाहीत. दोन आडव्या नळ्या, एकीखाली एक, आणि नळ्यांच्या आत लोखंडी पाट्यांच्या जुड्या, हातभराहून लांब. चाक खड्ड्यात गेले की हे पाटे पिळतात आणि पुन्हा सरळ होतात. कापड पिळतात तसे लोखंड पिळले जाते, हे मी जन्मात पाहिले नव्हते. जर्मन माणसाला हे सुचले कसे, याचा मी तिथेच उताणा पडून बराच वेळ विचार केला. शेवटी ख्वाजामियाँनी पायाला हात लावून पाहिला की मी जिता आहे ना.

आमची युक्ती साधी होती. जुडीतला एक पाटा कमी केला की पीळ हलका होईल आणि नाक खाली येईल. वरच्या नळीतला एक काढला. मोटार खाली उतरवली. मी काठीवर आधी खुणा करून ठेवल्या होत्या, काठी लावून पाहिली तर नाक अर्धे बोटसुद्धा उतरले नव्हते. पुन्हा उचलली, खालच्या नळीतला एक काढला. पुन्हा उतरवली, काठी लावली, दोन बोटे. म्हणजे अजून दोन पाहिजेत. तिसऱ्या पाट्याला हात घातला आणि तेवढ्यात अजान झाली. ख्वाजामियाँ हात धुऊन नमाजाला गेले. ते परत येईपर्यंत माझी कंबर धरली, म्हणून बाकीचे उद्यावर टाकले. त्या अजानीचे माझ्यावर फार उपकार आहेत. कारण दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र मोटार पेट्रोल भरायला घेऊन गेला आणि परत आला तेव्हा ती आठ बोटे खाली बसली होती.

आक्का, यात माझी चूक मी मान्य करतो, पण ती सुताराची चूक आहे. लाकूड एकदा ठोकून बसवले की जिथे बसले तिथे राहते. त्याला काठी लावली की ते खरे उत्तर देते. हे लोखंड तसे नाही. ते वर उचलून खाली ठेवले की आखडून वरच राहते, आणि चार खड्डे खाल्ल्यावर मग खरे सांगते. आधी मोटार फिरवून आणायची आणि मग मोजायची, एवढेच करायचे होते. आम्ही उतरवली आणि मोजली. ख्वाजामियाँ म्हणाले की दोनातला एक पाटा परत घालू. मीही म्हणालो की घालू. तेवढ्यात बसंतीबाई येऊन मोटारीत बसल्या, समोर पाहिले, आणि त्यांना रस्ता दिसला, रस्त्यावरची शेळी दिसली, शेळीवाली बाई दिसली आणि ती बाई ओळखूही आली. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद झाला तो पाहून शेठ नुसती आपल्या हाताची आठ बोटे माझ्यासमोर धरून उभे राहिले. मोटार तर सगळ्या बाजाराला नमस्कार करत चालल्यासारखी दिसत होती. लोक तिला बघून उलट नमस्कार करू लागले. महिनाभर ती भोकरदन ते राजूर अशी सडकेवरून सुखाने फिरली. (उषाबाई, पाटा परत का घातला नाही याचे खरे कारण बसंतीबाई नव्हेत. ते दोन पाटे संध्याकाळीच माझ्याकडून लोहाराकडे गेले होते. असले लोखंड मी पाहिले नव्हते, बोटाने टिचकी मारली तरी घंटेसारखे वाजे. लोहाराने एकाची तीन खुरपी केली आणि शनिवारच्या बाजारात विकली. दुसऱ्याचे काय केले ते ताज्या कलमात लिहितो. तू चाणाक्ष आहेस, तुला आताच कळले असेल. चेहरा बदलू नकोस.)

तर रामनवमी. बसंतीबाईंना समर्थांच्या गावी जन्मोत्सवाला जायचे होते, म्हणून जांबचा बेत ठरला. त्यातच मी तुझे घातले. येताना तुला घ्यायचे, तू पुढच्या बैठकीवर बसायचीस, आणि मी मिळेल त्या बसने मागून यायचे. पुढेच बसायचे, मागे नाही, हे मी शेठकडून तीनदा कबूल करून घेतले होते. पहाटे निघालो. मागे शेठ आणि बसंतीबाई, पुढे मच्छिंद्र आणि मी. राजूरला गणपतीपुढे नारळ फोडला, जालना मागे टाकले. सडक होती तोवर मोटार अशी चालली की मला स्वतःचे कौतुक वाटू लागले. मग सडक संपली आणि गाडीवाट लागली. वाटेत एके ठिकाणी मोटार अडकली आणि तिथून परतावे लागले. एवढेच झाले.

(उषाबाई, एवढेच झाले नाही. गाडीवाटेला दोन चाकोऱ्या असतात आणि मध्ये उंचवटा. जितकी वाट जुनी तितक्या चाकोऱ्या खोल आणि उंचवटा उंच. जर्मनीहून आली तशी मोटार राहिली असती तर उंचवट्यावरून निघून गेली असती. आम्ही तिला आठ बोटे खाली आणले होते. आधी ती घासत चालली, मग ओढ्यातून वर चढताना पुढची नळी उंचवट्यावर टेकली आणि मोटार पोटावर पडलेल्या कासवासारखी झाली. मागची चाके नुसती धूळ उडवू लागली. आणि तो ओढा कोणता, तर तुमच्या गावाअलीकडचा बाभळींचा ओढा. तुमच्या देवळाचे निशाण तिथून दिसते. बारा वाजता रामजन्माचे ढोल वाजले तेही ऐकू आले. बसंतीबाईंनी मोटारीत बसूनच हात जोडले. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

मग एक शेतकरी बैलगाडी घेऊन आला, त्याने बैल सोडून मोटारीला मागून दोर लावला. मी त्याच्या गाडीकडे पाहिले तर चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या गाभ्यावर, तीन टिकल्या. ती माझी खूण. चाळीस वर्षांपूर्वीची गाडी. मच्छिंद्राने विचारले की गाडी कुठली, तर तो म्हणाला, "भोकरदनच्या कोण्या सुताराची हाय. लई भित्रा माणूस होता म्हणे, आस मागं ठुयाचा. बैलाच्या मानंला घट्टे पडतेत, पर गाडी कधी उलाळली न्हाई." मी बाभळीच्या झाडाकडे तोंड करून उभा राहिलो. त्या चाकोऱ्याही माझ्याच गाड्यांनी पाडलेल्या, आणि त्या बैलांच्या मानांवरचे घट्टेही माझेच.

मोटार निघाली. जांबला पुढे नेणे शक्य नव्हते, परत फिरवायचे ठरले. तेव्हा बसंतीबाईंनी मला विचारले, "सांडूभाऊ, इथं तुमचं कोणी राहतं ना?" तुमचे गाव पाऊण कोसावर. तो शेतकरी तिकडेच चालला होता, मला गाडीत जागा द्यायला तयार होता. मी म्हणालो, कोणी नाही. मच्छिंद्राने ते ऐकले. तेव्हापासून तो माझ्याशी जेवणापुरते बोलतो.)

असो. मोटार परत आली ती सुखरूप आली, कोणाला लागले नाही, ही राजुरेश्वराची कृपा. शेठ रागावले आहेत पण ओरडत नाहीत, आईपुढे ओरडता येत नाही म्हणून. त्यांनी एवढेच सांगितले की मोटार होती तशी पुन्हा उभी करा, पाटे परत बसवा, मग वैशाखात आई पुन्हा जांबला जाईल आणि तुमच्या बहिणीलाही आणू. तोवर मोटारीला हात लावायचा नाही. म्हणजे तुझे येणे आता त्या दोन पाट्यांवर आहे. मी रोज ख्वाजामियाँकडे जाऊन बसतो. ते रोज म्हणतात, होईल. मी रोज विचारतो, कधी. ते चहा मागवतात.

आक्का, मला एक गोष्ट कळत नाही. मी घाबरून जे जे केले त्यात कोणाचे वाईट व्हावे असे माझ्या मनात कधी नव्हते. तरी भार कोणाच्या तरी मानेवर गेलाच. मागच्या बाजूने घात होईल म्हणून मी जन्मभर पुढची बाजू दाबत राहिलो, आणि मोटार अडकली ती पुढूनच. या वयात हे कळून उपयोग काय ते मला सांगता येत नाही. पण कळले, म्हणून लिहिले.

तब्येतीला जप. उन्हाचे बाहेर जाऊ नकोस. घरातल्या मोठ्यांना दंडवत, धाकट्यांना गोड पापा. कमी-जास्त लिहिले असेल तर लहान समजून पोटात घाल. अडुसष्टाव्या वर्षी असे म्हणायला तूच एक उरली आहेस.

तुझा धाकटा भाऊ
सांडू

ताजा कलम. विळी परत पाठवावी. येत्या शनिवारी तुमच्याकडचा माणूस बाजाराला येईल त्याच्या हाती, पात्याला चिंधी गुंडाळून. ती विळी म्हणजे मोटारीचा पाटा आहे. मला आधी सांगायला पाहिजे होते. तिचे पाते आता मोटारीच्या कामाचे राहिले नाही, पण पाटाखाली ठोकलेला भाग मूळचा तसाच आहे, आणि त्याची जाडी-रुंदी पाहूनच ख्वाजामियाँ मुंबईहून तसला माल मागवणार आहेत. दुसरा नमुना नाही, मोटारीतले बाकीचे पाटे शेठ उघडू देत नाहीत आणि खुरपी कोणत्या शेतात गेली ते कोणाला माहीत नाही. विळीशिवाय पाटे नाहीत, पाट्यांशिवाय मोटार नाही, मोटारीशिवाय तू नाहीस. बदली मी तुला साध्या लोखंडाची विळी देईन. ती इतकी चालणार नाही.

आणखी ताजा कलम. (उषाबाई, आता ते लिहितो. पन्नास वर्षांपूर्वी मी पहिली गाडी केली, अठरा वर्षांचा होतो. भाऊबीज करून आक्काला सासरी पोहोचवायला त्याच गाडीतून निघालो. आईने दिलेली ज्वारी, फराळाचे डबे आणि आक्का, सगळे मागे. बाभळींच्या ओढ्याच्या चढणीला गाडी उलाळ झाली. बैल गुदमरताना पाहून मी बैलांकडे धावलो. आक्काकडे नंतर पाहिले. ती खाली पडली होती, गुडघ्यावर ज्वारीचे पोते. तिने घरी सांगितले की नदीच्या पायऱ्यांवरून घसरले, आणि तेव्हापासून सगळे तेच म्हणतात. तीही माझ्यासमोर तेच म्हणते, जणू मी तिथे नव्हतोच. ती लंगडते म्हणून माहेरी यायचे टाळते, की माझ्या कोणत्याही गाडीत बसायचे टाळते, हे मी तिला कधी विचारले नाही. परवा रामनवमीला मी पुन्हा त्याच चढणीवर उभा होतो आणि पाऊण कोस चाललो नाही, कारण ओट्यावर बसलेली ती मला लांबूनच दिसली असती, आणि उठताना तिने आधी कोणता पाय टेकला असता ते मला माहीत आहे.)

शेवटचा ताजा कलम. उषाबाई, हा कंसात नाही, हा मोठ्याने वाच. आता पत्र पुन्हा पहिल्यापासून घे आणि कंसातले सगळे आक्काला वाचून दाखव, एक अक्षर गाळू नकोस. मग तिला विचार की गुडघा कशाने गेला. ती जे सांगेल ते, पायऱ्या म्हणाली तर पायऱ्या, तिच्याच शब्दात लिहून पाठव. विळी चार दिवस उशिरा आली तरी चालेल, उत्तर आधी यावे. मात्र हे सगळे वाचून होईपर्यंत विळी तिच्या हाताला लागणार नाही अशी ठेव.